सातव्या होलचं पाणी

रावजीकाकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस मुळातच वाईट असता तर सोपं होतं. दोन दिवस चरफडले असते, घरी आईजवळ चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरून गेले असते. पण ज्यांनी मला जमिनीकडे बघायला शिकवलं, ज्यांच्या शब्दावर मी एक अर्ज पर्समध्येच ठेवून दिला, त्यांचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. कधी वाटतं की आपणच जास्त विश्वास टाकला. मग वाटतं, का टाकू नये?

मी भिवंडीची. बाबा लूमवर शिफ्ट करायचे आणि मी पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला. नोकरी लागली ती एका गोल्फ क्लबात, हे ऐकून आमच्या गल्लीत सगळ्यांना हसू आलं होतं. अंबाडीच्या पुढे, गणेशपुरीच्या वाटेला डोंगराच्या कुशीत हा क्लब आहे. मुंबईला पाणी नेणाऱ्या लाइनीवरच्या इंग्रज साहेबांनी शंभरएक वर्षांपूर्वी स्वतःच्या करमणुकीसाठी तो आखला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला एवढंच वाटलं की कुणीतरी अख्ख्या रानाची हजामत केली आहे. गोल्फमध्ये अठरा होल असतात, म्हणजे गवताचे अठरा लांबलचक पट्टे. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला बारीक गवताचा एक गुळगुळीत तुकडा असतो, त्याला ग्रीन म्हणतात, आणि त्या ग्रीनमध्ये चेंडू जाईल एवढं भोक. एवढ्याशा भोकासाठी एवढं रान लागतं, हे मला पचायला सहा महिने गेले.

रावजीकाका तिथले हेडमाळी. गणेशपुरीकडच्या एका पाड्यावरचे वारली. अंगाने काटकुळे, डोक्याला क्लबची हिरवी टोपी आणि पाय कायम अनवाणी. क्लब दरवर्षी बूट द्यायचा आणि काका ते दरवर्षी कुणाला तरी देऊन टाकायचे. डाव्या पायाची करंगळी नव्हती. तरुणपणी गवत कापताना विळ्याने गेली होती, आणि ती कुठे पुरली ते ठिकाणही ते दाखवायचे, अकराव्या होलपाशी. सकाळी सूर्य वर यायच्या आत ते अठराही ग्रीनवरून एकदा चालून येत. "बूट घातलं का पाय आंधळं व्हतात," म्हणायचे. कुठल्या ग्रीनला आज पाणी द्यायचं, कुठलं तहानलेलं नाही, कुठे गवताच्या मुळाशी कीड लागली आहे, हे त्यांना तळपायाला कळायचं. चालून आले की व्हरांड्याच्या पायरीवर बसत आणि बाकीच्या माळ्यांना कामं वाटून देत. त्यांनी एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती नव्हती.

माझी त्यांची पहिली भेट भांडणाने झाली. मला चौथ्या ग्रीनची लेव्हल घ्यायला सांगितलं होतं. मी तिपाईवर मशीन लावलं, एका माळ्याला पट्टी धरायला उभं केलं आणि आकडे लिहीत बसले. रावजीकाका पाण्याने भरलेली कळशी घेऊन आले, ग्रीनच्या वरच्या कडेला उकिडवे बसले आणि पाणी हळूहळू ओतायला लागले. पाणी गवतातून सरपटत निघालं. जिथे ते वळेल तिथे काका करवंदीची एक काटकी खोचत होते. मी म्हटलं, "काका, ओलं करू नका, माझी पट्टी घसरते." ते म्हणाले, "तुजी पट्टी मानसाला इचारते, बाय. उतार इचारायचा तं पान्याला इचार." मी रागावून पुढचे आकडे घेतले. संध्याकाळी कागदावर रेषा काढल्या आणि त्यांच्या काटक्यांशी ताडून पाहिल्या. एक जागा सोडून सगळं जुळलं. दुसऱ्या दिवशी ती एक जागा मी पुन्हा मोजली. चूक माझी निघाली.

त्यानंतर मी त्यांच्या मागे मागे फिरायला लागले. ते मला 'बाय' म्हणत, बाकी सगळे 'मॅडम'. होलांना नंबर असतात, पण काकांची नावं वेगळी होती. तिसरा 'सापाचा', नववा 'साहेब पडला तो', आणि सातवा 'लाडकीचा'. लाडकी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. सातव्या ग्रीनवर उभं राहिलं की खाली उतारावर बोंडारपाड्याची पंधरा-वीस घरं दिसत. त्यातलं कडेचं, ओट्यापुढे शेवगा असलेलं घर लाडकीचं. क्लबच्या कुंपणाच्या पलीकडे, पाड्याच्या वरच्या अंगाला एक डवरा होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा आणि बाजूला रचलेले चार दगड, बस्स. त्यात सातव्या होलखालच्या झऱ्याचं पाणी झिरपून साचायचं. मे महिन्यातसुद्धा. आजूबाजूचे पाडे शिमग्यापासून हंडे घेऊन वणवण करायचे तेव्हा बोंडारपाड्याच्या बायका घराच्या मागे जाऊन पाणी आणायच्या आणि शेजारच्या पाड्यांना त्याचा तोराही दाखवायच्या.

लाडकीचं लग्न जमलं ती गोष्ट तिनेच मला सांगितली. आईबाप लवकर गेलेले, त्यामुळे स्थळ बघायला रावजीकाकाच गेले होते. मुलाकडचे ओट्यावर बसून वाट बघताहेत आणि हे सरळ घरामागे गेले. डवऱ्यावर वाकून ओंजळभर पाणी प्याले, तोंडात घोळवलं, आणि परत येऊन म्हणाले, "दिली." मुलगा तोवर गुरांकडून आलाही नव्हता. "आमच्या दादानं मला नवरा बघून न्हाय दिली, पानी बघून दिली," असं सांगून लाडकी पदर तोंडाला लावून हसायची. "नवरा कसा का असंना, घसा कोरडा न्हाय पडला कवा." हे ती नवऱ्यादेखत म्हणायची आणि तोही हसायचा.

पाण्याची चव हा काकांचा खेळच होता. क्लबात नवीन माणूस आलं की आम्ही तो लावायचो. चार पेले भरून ठेवायचे. एकात अंबाडीच्या हातपंपाचं, एकात मुंबईच्या लाइनीचं, एकात गणेशपुरीच्या गरम कुंडाचं थंड केलेलं, एकात डवऱ्याचं. काका प्रत्येकातला घोट घेऊन जागा सांगायचे, कधी चुकले नाहीत. एकदा मी बाटलीतलं विकतचं पाणी ठेवलं. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "ह्ये मेल्यालं हाय. कुटं मेलं त्ये न्हाय सांगता येत." डवऱ्याचं पाणी मात्र ते शेवटी ठेवायचे आणि पूर्ण पेला संपवायचे.

असा हा माणूस. आता त्यांच्या मनात काय होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

क्लबाच्या भिंतीवर जुन्या स्पर्धांचे फोटो आहेत. त्यातल्या एकात कोणी नामांकित खेळाडू चषक घेऊन सातव्या ग्रीनवर उभा आहे. काकांनी मला तो फोटो दाखवला आणि कडेच्या एका झुडपावर बोट ठेवलं. "ह्याच्या मागं आमी सात जन हाव." फोटो काढायच्या वेळी माळी मध्ये येतात म्हणून त्यांना झुडपामागे बसवलं होतं. ते हसून सांगत होते, पण ते बोट बराच वेळ काचेवरून निघालं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी ती हिरवळ पोरासारखी वाढवली होती. सेक्रेटरी बदलले, साहेब बदलले. कुठे झाड लावायचं, कुठे वाळूचा खड्डा करायचा, हे वरून ठरून यायचं, आणि काका ते करायचे. "सातव्याचं ग्रीन इंग्रजानं उलटं बांधलंय," ते मला नेहमी सांगायचे. "डोंगराकडं तोंड करून. पावसात पानी तुंबतं, गवात कुजतं. मी किती येळा मनात सरळ केलंय. पन मला कोन इचारतंय?"

मग विचारणारा आला.

देशातली मोठी स्पर्धा आमच्या क्लबाला मिळाली. टीव्हीवर दिसणार होती. जुने होल आजच्या खेळाडूंना सोपे पडतात म्हणून त्यातले पाच नव्याने आखायचे ठरले, आणि त्यासाठी दिल्लीहून बक्षीसाहेब आले. गोल्फचे कोर्स आखणं हाच त्यांचा धंदा. उंच, मऊ बोलणारे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. नकाशे पसरून आम्ही सगळे सातव्या ग्रीनवर उभे होतो. सेक्रेटरी होते, कमिटीची माणसं होती, मी होते. मागे दहा पावलांवर काका, टोपी हातात घेऊन. बक्षीसाहेब जरा वेळ ग्रीनकडे बघत राहिले, मग सगळ्यांना ओलांडून मागे गेले आणि म्हणाले, "रावजी, आप होते तो इसको कैसे बनाते?"

मी काकांचा चेहरा बघितला. त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. शेवटी म्हणाले, "साब, तीन दिन की छुट्टी दो."

चौथ्या दिवशी ते एक सूप घेऊन आले. धान्य पाखडायचं घरातलं सूप. त्यात तांबड्या मातीचा सातवा होल केला होता, उतारासकट, झाडांच्या जागी काड्या खोचून. ग्रीन फिरवून खालच्या अंगाला तोंड केलं होतं. आणि ग्रीनच्या पुढे एक खोलगट खळगा करून त्यात फुटक्या आरशाचा तुकडा बसवला होता. बक्षीसाहेबांनी सूप टेबलावर ठेवलं, दिवा जवळ ओढला आणि अर्धा तास त्यावर वाकून बघत राहिले. मग आरशावर बोट ठेवून विचारलं, "पानी? कहाँ से?" काका म्हणाले, "नीचे झरा है साब. मेरेको मालूम, उसकी नस किधर है. बोअर नहीं, टँकर नहीं. अपने आप भरेगा."

नकाशा मी काढला. त्या सुपावरून, मोजपट्टी लावून. म्हणजे तळ्याची कल्पना कुणाची होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. झरा कुठला हेही माहीत होतं. मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "आणि डवरा?" त्यांनी मातीतच काडीने रेघ मारून दाखवलं. तळ्याच्या खालच्या बांधाला एक तोंड ठेवायचं. झऱ्याचं पाणी तळ्यात येईल, तळं भरेल, आणि तोंडातून सतत खाली डवऱ्याकडे जात राहील. "भाताचं खाचर न्हाय का? वरच्याचं भरतं आनि खालच्याकडं जातं. वरच्यानं तोंड बुजवायचं नसतं. कोन बुजवतं का?" खरंच कोणी बुजवत नाही. माझ्या मामाच्या गावी भावाभावांत बोलणं बंद असलं तरी वरचा भाऊ बांधाचं तोंड उघडं ठेवतो. मला ते पटलं.

पाड्याला पटलं नव्हतं. खणायला मशीन येणार हे कळलं तशा बायका माझ्याकडे आल्या. मी त्यांना अर्ज लिहून दिला, तहसील कचेरीत द्यायला. तळं चाळीस फूट अलीकडे घ्यावं, झऱ्याला हात लावू नये. बावीस अंगठे आणि तीन सह्या झाल्या. क्लबाची नोकरी करून क्लबाविरुद्ध अर्ज लिहिते म्हणजे माझी धडगत नव्हती, पण लिहिला. तो नेऊन द्यायचं काम माझ्याकडेच होतं, कारण मला भिवंडीला रोज जायचंच होतं.

सेक्रेटरींनी त्याआधी पाड्याच्या लोकांना क्लबाच्या व्हरांड्यात बोलावलं. चहा दिला. लाडकीचा नवरा उठून म्हणाला, "साहेब, तलाव करा न्हाय तं डोंगर उचला, आमच्या डवऱ्याचं काय?" सेक्रेटरी हुशार. ते म्हणाले, "मला विचारू नका. तुमचा माणूस आहे ना आमच्याकडे? रावजी, तुम्हीच सांगा."

रावजीकाका खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले. तळं आपण सुचवलं हे ते बोलले नाहीत. मी वाट बघत होते की बोलतील. ते एवढंच म्हणाले, "पान्याला कायबी व्हनार न्हाय. मी हाय ना."

लाडकी खाली बसली होती. ती उठली, पदर झटकला आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "चला गं. दादा हाय म्हनतो." दोन मिनिटांत व्हरांडा रिकामा झाला. मीही गप्प बसले. अर्ज माझ्या पर्समध्ये होता आणि तो तिथेच राहिला. तो मी का नेला नाही, याचं उत्तर लाडकीच्या त्या वाक्यातच आहे. माझ्याकडेही तेवढंच कारण होतं.

त्या वर्षभरात काकांना मी जेवढं आनंदात पाहिलं तेवढं कधी पाहिलं नव्हतं. मशीनवाल्याच्या पुढे ते अनवाणी चालायचे आणि पायाने थांबवायचे. झऱ्याची नस त्यांनी जमिनीला कान लावून शोधली. मी स्वतः बघितलं, नाहीतर विश्वास ठेवला नसता. तळ्याचा तळ त्यांनी प्लास्टिकने झाकू दिला नाही, चिकणमाती आणून भाताच्या चिखलणीसारखी तुडवून घेतली. पावसाळ्याच्या तोंडाला नवीन गवत लावायचं तेव्हा बोंडारपाड्याच्याच बायकांना बोलावलं. त्यांनी सातवं ग्रीन भाताच्या आवणीसारखं लावलं. कमरेत वाकून, मागे मागे सरकत, एकेक काडी. लाडकी सगळ्यात पुढे. बक्षीसाहेब फोटो काढत होते. त्या दिवशी तोंडातून पाणी खळखळत डवऱ्याकडे जात होतं आणि बायका जाता-येता त्यात पाय धुवत होत्या. मला वाटलं, उगाच घाबरलो आपण.

स्पर्धा फेब्रुवारीत होती. त्या वर्षी पाऊस लवकर संपला होता. जानेवारीच्या शेवटी झरा बारीक झाला आणि तळ्याची पातळी वीतभर उतरली. कडेने चिखलाचा काळा पट्टा दिसायला लागला. टीव्हीवाले कॅमेऱ्याच्या जागा बघायला आले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने तोंड वाकडं केलं. सेक्रेटरी म्हणाले, वडप्याहून चार टँकर मागवू, भरून टाकू. तिकडे गोदामांच्या बोअरचं पाणी विकत मिळतं. काका ताडकन म्हणाले, "माज्या तळ्यात टँकरचं पानी? न्हाय. भरंल त्ये. मला आठ दिस द्या."

आणि आठ दिवसांत ते भरलं. काठोकाठ. नवीन ग्रीन त्यात उलटं दिसत होतं. इतकं सुंदर होतं की मला काही सुचलं नाही, खरं सांगते. हे कसं झालं असंही विचारलं नाही.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांसाठी बांधलेला दोर बघायला मी तळ्याच्या खालच्या बाजूला उतरले. तिथे नेहमी पाण्याचा आवाज असायचा. नव्हता. बांधाच्या तोंडात चिकणमाती भरलेलं पोतं ठासलं होतं आणि वरून माती लिंपून पायाने दाबली होती. मातीत पावलं उमटली होती. अनवाणी. डाव्या पावलाला चारच बोटं होती.

मी तिथेच उभी राहिले. वर ग्रीनवर कोणीतरी चांगला फटका मारला असावा, टाळ्या वाजत होत्या.

काका ग्रीनच्या कडेला होते, नवीन टोपी घालून. मी त्यांना झाडामागे नेलं. "तोंड कुणी बुजवलं?"

ते म्हणाले, "चार दिस, बाय. ऐतवारी उघडतू."

"आठवडा होऊन गेला, काका. पाड्याला सांगितलंत?"

"त्येंला काय सांगायचं? डवऱ्यात अजून हाय तेवढं."

"आणि पाण्याला विचारलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खेळाडू तळ्यावरून चेंडू मारणार होता, काका तिकडे बघत होते. चेंडू पाण्यावरून गेला, ग्रीनवर टेकला, आणि त्यांनी मनात सरळ केलेल्या त्या उतारावरून हळूहळू भोकाकडे वळला. काकांचे ओठ हलत होते. माझा प्रश्न त्यांना ऐकू आला होता, याची मला खात्री आहे.

पोतं मी काढायला हवं होतं. पुष्कळदा हे मनात येतं. मी काढलं नाही. रविवारवर विसंबले, पुन्हा त्यांच्याच शब्दावर.

रविवारी संध्याकाळी बक्षिसं वाटून झाली. फोटो निघाला तेव्हा बक्षीसाहेबांनी काकांना ओढून मधोमध उभं केलं. त्याच रात्री काकांनी पोतं काढलं. सोमवारी दिवसभर पाणी गेलं, मंगळवारी धार बारीक झाली आणि गुरुवारी थांबली. तळंही उतरायला लागलं. वर कोंडलेल्या झऱ्याने पंधरा दिवसांत दुसरी वाट शोधली होती. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, गणेशपुरीच्या रस्त्याच्या कडेच्या कातळातून आता पाणी झिरपतं. डांबर ओलं होतं आणि त्याच्यावरून गाड्या जातात. अडवून साठवावं म्हटलं तर खाली सगळा खडकच आहे.

शिमग्याच्या आत डवरा आटला. लाडकीच्या सासूच्या आठवणीतसुद्धा तो आटलेला नव्हता.

काकांनी महिनाभर झऱ्याची नस शोधली. कान लावून, कळशी ओतून, पायाने. लोक बघत असायचे, पण जवळ कोणी जायचं नाही. त्यांनी मला एकदा हाक मारली, "बाय, तुजं मशीन आन." मी मशीन नेलं, लावलं, आकडे घेतले, आणि काम होईपर्यंत एक शब्द बोलले नाही. आकड्यांतून काहीच निघालं नाही. तळ्यात क्लबाने शेवटी प्लास्टिक अंथरलं आणि वडप्याचेच टँकर मागवले. मार्चअखेर काका निवृत्त झाले. शाल दिली, आणि बक्षिसांच्या दिवशीचा तो फोटो चौकटीत घालून दिला. तो घेताना त्यांनी काचेवर बोट ठेवलं नाही. काखेत मारून निघून गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. मी बोंडारपाड्यावर दुसरा अर्ज घेऊन गेले होते, विहिरीसाठी. या वेळी तो त्याच दिवशी कचेरीत द्यायचा असं ठरवून. लाडकीच्या ओट्यावर बसून अंगठे घेत होते. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि बायका आपापले हंडे घेऊन परतत होत्या. तेवढ्यात उतारावरून रावजीकाका येताना दिसले. डोक्यावर टोपी नव्हती. स्पर्धेनंतर ते बहिणीच्या दारात पहिल्यांदाच येत होते, हे मला सगळ्यांच्या गप्प होण्यावरून कळलं.

ते ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. कोणी 'या' म्हटलं नाही. लाडकी आत गेली. मला वाटलं, आता ती बाहेर येणारच नाही. पण ती तांब्या घेऊन आली. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, आणि हा तर तिचा भाऊ होता. तिने तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर उभी राहिली.

काकांनी तांब्या उचलला, वरून धार धरून एक घोट घेतला. आणि सवयीने, निव्वळ सवयीने, तो तोंडात घोळवला. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. लाडकीनेही.

"वळख, दादा," ती म्हणाली. "कुटलं हाय?"

आवाजात राग नव्हता. क्लबात नवीन माणसांपुढे खेळ लावताना आम्ही ज्या आवाजात विचारायचो, तसाच होता. काकांनी तोंडातला घोट गिळला. त्यांनी उत्तर दिलं नाही तर बरं, असं मला वाटत होतं. पण ते म्हणाले, "वडप्याचं."

"बराबर," लाडकी म्हणाली. "जीब शाबूत हाय तुजी."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. अर्ध्याहून जास्त पाणी त्यात होतं. ते उठायला लागले तशी ती म्हणाली, "बस. पी सगळं. दोन तास रांगेत हुबी व्हती मी त्याच्यासाठी."

काका परत बसले. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. लाडकीने रिकामा तांब्या उचलून आत नेला, आणि मी पुढचा अंगठा घेण्यासाठी शाईची डबी उघडली.